उंदराला साक्ष कुणाची?

पाऊस सरला की रत्नागिरीच्या सड्यावरचं गवत आधी पोपटी, मग पिवळं आणि शेवटी तांबूस होत जातं. कातळावरची डबकी आटतात, तेरडा ओसरतो, आणि माणसं विळे घेऊन गवत कापायला वर चढतात. भारे बांधले जातात, हसणं-बोलणं चालू असतं, आणि हात जिथे बघून घालायचा तिथे सवयीने न बघता घातला जातो. गडग्याच्या चिऱ्यांत, दगडाखाली, पेंढ्याच्या उबेत फुरसं बसलेलं असतं. वीत-दोन वीत लांबीचं, जांभ्या मातीच्या रंगाचं. चिडलं की वेटोळ्यावर वेटोळं घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज करतं. तो आवाज वेळेवर ऐकू आला तर माणसाचं नशीब.

या सापाशी आमच्या जिल्ह्याचं वैर जुनं आहे. १८६२ साली इंग्रज सरकारने फुरशांवरचं इनाम वाढवलं, तेव्हा थोड्याच दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला डोळ्यांपुढे आला तो मोजणारा कारकून. टोपल्या येताहेत, तो मोजतोय, वहीत आकडे चढताहेत, पैसे दिले जाताहेत. ती कशी मारली, किती वेळात मेली, आणली तेव्हा पुरती मेली होती की नुसती ठेचलेली होती, असा रकाना काही त्याच्या वहीत नसणार. इनाम मारण्याला होतं. मारण्याच्या रीतीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

आमच्या वाडीतल्या काकींना असंच एकदा गवताच्या भाऱ्यातून फुरसं डसलं. नागाच्या विषासारखं ते माणसाला झापडीत नेत नाही. ते रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतं. मग हिरड्यांतून, जुन्या खपलीतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. डॉक्टरांनी काकींचं थोडं रक्त एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टँडवर ठेवून दिली. ती हलवायची नाही, वीस मिनिटं तशीच राहू द्यायची, मग तिरकी करून बघायचं. रक्त घट्ट झालं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. कुठलंही यंत्र नाही, कुठली स्क्रीन नाही. काचेची नळी, घड्याळ, आणि तिथून न उठणारं एक माणूस. मी त्या नळीकडे बघत बसले होते. रक्त वाहिलं. मग प्रतिविष सुरू झालं आणि काकी वाचल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा सड्यावर गवताला गेल्या.

प्रतिविषाच्या कुपीत पांढरी पूड असते. पाणी घालून ती विरघळवायची आणि सलाइनमधून द्यायची. कुपीसोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एक मिलिलिटर औषध फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. नाग आणि घोणस यांच्यासाठी हाच आकडा ०.६, मण्यारीसाठी पुन्हा ०.४५. हे औषध घोड्याच्या रक्तातून येतं, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार झाला की त्यातून औषध काढायचं. परळच्या हाफकिनचं नाव त्यामुळे कोकणात घराघरांत माहीत आहे. पण तो ०.४५ आकडा कुठून येतो, हे फारसं कुणी विचारत नाही. तो उंदरांकडून येतो. विष आणि प्रतिविष ठरलेल्या प्रमाणात मिसळून काही वेळ ठेवतात, मग वीस-एक ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदरांच्या गटांना टोचतात आणि कोण जगलं, कोण मेलं ते मोजतात. कुपीवरचा आकडा ही त्या मोजणीची बेरीज आहे. काकींच्या शिरेत गेलेल्या प्रत्येक थेंबामागे असे कितीतरी पांढरे उंदीर उभे होते.

हे उंदीर आपल्या माळ्यावरच्या उंदरांचेच भाऊबंद, पण वेगळ्या संसारातले. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ज्यांना ‘स्विस’ म्हणतात, त्यांचा वंश १९२६ साली क्लारा लिंच या बाईंनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून न्यू यॉर्कला नेलेल्या दोन नर आणि सात माद्यांपर्यंत मागे जातो. नऊ उंदरांची ही पैदास जगभर पसरली. लाल डोळे, गुलाबी शेपटी, भुसा घातलेला पिंजरा, ठरलेल्या वेळी दिवा, ठरलेल्या वेळी अंधार. मांजर त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांचं भय एकच, आणि तेच त्यांना रोज खाऊ घालतं.

माझी भाची मुंबईत औषधशास्त्र शिकली. तिच्याकडून मला ॲनिमल हाऊसचं जग कळलं. प्रयोग संपला की उरलेले उंदीर बहुतेक वेळा ‘सॅक्रिफाइस’ करावे लागतात, हे ती जेवताना सांगायची आणि ताट तसंच ठेवून बोलत राहायची. एक पद्धत कार्बन डायऑक्साइडची. पेटीत वायू सावकाश सोडायचा. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या २०२०च्या सूचनांत मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के असं प्रमाण दिलं आहे. एकदम भस्सकन सोडला तर नाकातल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि शुद्ध जाण्याआधीच प्राण्याला झोंबतं. नुकती जन्मलेली पिल्लं तर या वायूत विलक्षण तग धरतात. मोठ्यांना पुरणारा वेळ त्यांना पुरत नाही. दुसरी पद्धत हाताची: मानेचा मणका एका झटक्यात निखळवायचा. रसायन नाही, त्यामुळे रक्तात-मांसात काही मिसळत नाही आणि पुढच्या तपासणीचे निकाल बिघडत नाहीत. सराईत हाताला ते क्षणाचं काम. भाची म्हणायची, “मावशी, सगळं त्या ‘सराईत’ शब्दावर आहे. तो हात सराईत होईपर्यंतचे उंदीर कुणी मोजायचे?”

अमेरिकेच्या त्याच संघटनेने ही हाताची पद्धत १९७२ साली पहिल्यांदा मान्य केली. ती खरोखर किती दयाळू आहे याची शास्त्रीय तपासणी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं जेमतेमच झाली. सगळेच करत आले होते, सगळ्यांनाच ती झटपट वाटत होती. लॅरी कार्बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ती तपासली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. उंदरांना आधी पूर्ण भूल दिली, म्हणजे प्रयोग फसला तरी त्यांना काही जाणवू नये. मग मानेवरच्या तीन निरनिराळ्या रीतींनी मणका निखळवला, श्वास थांबायला किती वेळ लागतो ते बघितलं, आणि शेवटी मेलेल्या उंदरांचे एक्सरे काढले. ८१ उंदरांपैकी १७ उंदीर श्वास घेतच राहिले. शंभरात एकवीस. इतकी वर्षं ज्या कृतीला क्षणाचं काम म्हटलं जात होतं, ती दर पाचांत एकदा फसत होती.

माझ्या आईच्या मानेचा एक्सरे मला इथे आठवतो. मान दुखते म्हणून काढला होता. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने मणके मोजून दाखवले: एक, दोन, तीन… सात. माणसाच्या मानेत सात, जिराफाच्याही सात आणि उंदराच्याही सातच. आई कौतुकाने बघत होती. आपल्या आतलं काही इतकं सुबक असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तिने विचारलं, “दुखतं कुठे ते दिसतं का हो यात?” डॉक्टर हसले. म्हणाले, “आजी, यात हाड दिसतं. दुखणं तुम्ही सांगायचं.”

त्या अभ्यासातले एक्सरे वाचताना मला डॉक्टरांचं हेच वाक्य ऐकू येत राहिलं. जे ६४ उंदीर नीट मेले, त्यांतल्या ६३ जणांच्या फिल्ममध्ये कवटी आणि मानेच्या वरच्या टोकाशी इजा दिसत होती. इथवर चित्र बोलकं होतं. पण जे १७ श्वास घेत राहिले होते, त्यांतल्या पाचांच्याही मानेत इजा होतीच. मान मोडलेली, श्वास चालू. उलट नीट मेलेल्यांपैकी ५० जणांची पाठ किंवा कंबरही जागोजागी निखळलेली होती; म्हणजे ओढ मानेपुरती राहिलीच नव्हती. नंतर हाती आलेल्या फिल्मवरून हा झटक्यात गेला आणि तो गेला नाही, असं खात्रीने सांगता येत नव्हतं. मारणाऱ्याचा हात तपासायला मरणोत्तर एक्सरेचा फारसा उपयोग नाही, असाच निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनी काढला. यंत्राकडे साक्ष मागायला गेलेली माणसं यंत्राची साक्ष अपुरी आहे असं प्रांजळपणे लिहून परत आली.

असं का होतं, ते शरीराच्या घडणीत आहे. श्वासपटलाला हुकूम नेणाऱ्या नसा मानेतून निघतात. मेंदूच्या देठाशी, अगदी वर तुटलं तर तो हुकूम खाली पोचत नाही आणि श्वास थांबतो. खाली, पाठीत तुटलं तर हुकूम पोचत राहतो, फक्त मागचं अंग निकामी होतं. या अभ्यासात १८ उंदरांचा पाठीचा मणका मुद्दाम मध्ये निखळवून पाहिला. त्यांतल्या एकाचाही श्वास थांबला नाही. हे सगळे भुलीत होते. भूल न दिलेला असा एखादा उंदीर पिंजऱ्यात पडला असेल तर? तो पळत नाही, कारण पळू शकत नाही. ओरडला तरी ऐकू येईलच असं नाही. उंदरांचे पुष्कळसे आवाज आपल्या कानांच्या पल्ल्याबाहेरचे असतात. निपचित पडलेला दिसतो. घाईतल्या नजरेला मेलेल्यात आणि न हलणाऱ्यात फरक कळत नाही. फिल्मवर यातनेत मोडलेलं हाड आणि सुखाने मोडलेलं हाड सारखंच पांढरं दिसतं.

आपल्याकडे म्हण आहे, उंदराला मांजर साक्ष. प्रयोगशाळेत तर मारणाराच लिहिणारा असतो. वहीत ‘झटक्यात मृत्यू’ असं लिहिणारा हात तोच, ज्याने तो झटका दिला. यात लबाडी असतेच असं नाही. भाची सांगायची की मुलं हे काम शक्य तितक्या लवकर उरकतात, आणि उरकल्यावर पाठ फिरवतात. त्यांना ते बघवत नाही. पण ज्याला बघवत नाही असा कोवळ्या मनाचा मुलगा पाठ फिरवतो, तेव्हा त्या एकवीस टक्क्यांतला उंदीर त्याच्या पाठीमागे श्वास घेत असू शकतो. कोवळं मन आणि दया यांत हे अंतर आहे. कोवळं मन नजर वळवतं. दयेला तिथे थांबावं लागतं, छाती हलायची राहिली का ते बघावं लागतं, आणि शंका असेल तर दुसरा उपाय करून मृत्यूची खात्री करावी लागते.

आपल्या कायद्याने हे थांबणं कर्तव्य मानलं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. रोगाशी लढण्यासाठी, आयुष्य वाचवण्यासाठी प्रयोगाची मुभा या कायद्यात आहे. पण प्रयोगाच्या आधी, दरम्यान आणि नंतर प्राण्याला विनाकारण यातना होऊ नयेत, प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, हे पाहण्याचं काम त्याने एका समितीवर सोपवलं आहे. १९९८च्या नियमांनंतर प्रत्येक नोंदणीकृत प्रयोगशाळेला आपली प्राणी नीतिसमिती ठेवावी लागते. कुठला प्राणी, किती, कशासाठी आणि शेवटी त्याला मारणार कसं, हे सगळं अर्जात आधी लिहावं लागतं. १८६२च्या कारकुनाच्या वहीत नसलेला रकाना आज छापील अर्जात आहे. तो भरला जातो मात्र शब्दांनी, हातांनी नाही.

मग एक्सरे, स्कॅन ही सगळी यंत्रं फुकटच का? तसं मला वाटत नाही. त्यांची जागा मृत्यूनंतर नसून आधी आहे. पूर्वी एखाद्या गाठीची वाढ बघायची तर दर आठवड्याला काही उंदीर मारून, उघडून बघावे लागत. आता भूल दिलेल्या एकाच उंदराचा पुन्हा पुन्हा स्कॅन काढून तीच वाढ त्याच्या जिवंत अंगात बघता येते. उंदीर कमी लागतात, आणि गाठ यातना देण्याइतकी वाढण्याआधी थांबायची वेळही कळते. २०१० साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तर उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना वाचण्याची एक रीत बसवली: डोळे किती आवळलेत, नाक आणि गाल किती फुगलेत, कान कसे वळलेत, मिशा कशा ताठल्यात. पाच खुणा, प्रत्येकीला शून्यापासून दोनपर्यंत गुण. दुखणं तुम्ही सांगायचं, असं ज्याला म्हणता येत नाही, त्याचं दुखणं बघून ओळखण्याची ही विद्या. यातही कॅमेरा मदतीला आहेच. पण कॅमेरा कुठे वळवायचा हे माणसाने ठरवायचं.

मराठी माणसाने या वाटेवर आधीच एक मोठं पाऊल टाकलेलं आहे. पुण्याच्या कमल रणदिवे, फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या दिनकर समर्थ यांची मुलगी. मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोग संशोधनात आल्या. स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास त्यांनी उंदरांवर केला, आणि त्याच रणदिवेबाईंनी भारतातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, जिथे पेशी काचेच्या भांड्यात वाढवून प्रश्न विचारता येतात. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. एकाच आयुष्यात एका बाजूला पिंजरा आणि दुसऱ्या बाजूला काचेचं भांडं. आज आपल्या औषध-चाचण्यांच्या नियमांतही २०२३ पासून प्राण्यांविना होणाऱ्या परीक्षांना जागा मिळाली आहे. जिथे काचेचं भांडं पुरतं तिथे पिंजरा उघडू नये, हे उघड आहे. प्रतिविषाच्या परीक्षेत ते अजून पुरेसं ठरलेलं नाही. म्हणून आज रात्री सड्यावर कुणाला फुरसं डसलं, तर त्याच्यासाठी येणारी कुपी उंदरांच्या हिशेबावरच आलेली असेल. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. ते फेडायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

आणि हा प्रश्न परळ किंवा खारघरच्या प्रयोगशाळांच्या दारात ठेवून आपल्याला मोकळं होता येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात उंदीर घरात शिरतात. भाताची कणगी, सोललेल्या सुपाऱ्या, माळ्यावरचे नारळ, काही सोडत नाहीत. लेप्टोची भीती वेगळीच. त्यांना ठेवून घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण हल्ली किराणा दुकानात चिकट पुठ्ठे मिळतात. रात्री पसरायचा, सकाळी उंदरासकट उचलून कचऱ्यात टाकायचा. पाय चिकटलेले, मिशा चिकटलेल्या, आणि जीव जायला तास जातात, कधी दिवस. गणपतीच्या शाळेत मूर्तीच्या पायाशी बसवलेल्या उंदराला हात जोडणारी आपण माणसं, घरातल्या उंदरासाठी मात्र कुठली समिती नाही, अर्ज नाही, रकाना नाही. प्रयोगशाळेत जे केलं तर जाब विचारला जाईल, ते स्वयंपाकघरात चाळीस-पन्नास रुपयांना मिळतं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांवर बंदी घालण्याचा सल्ला राज्यांना दिलेला आहे. पुठ्ठे दुकानात आहेतच.

मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट साधी आहे. मारणं जिथे टळत नाही, तिथे नीट मारणं ही शिकायची विद्या आहे. ती भूल दिलेल्या किंवा मेलेल्या प्राण्यावर शिकावी, कुणा जाणत्याच्या नजरेखाली शिकावी, आणि शिकल्यावरही दर वेळी खात्री केल्याशिवाय जागेवरून उठू नये. काकींच्या रक्ताच्या नळीपाशी वीस मिनिटं बसायला जमतं, तर एका छोट्या छातीचं हलणं थांबेपर्यंतही बसायला जमलं पाहिजे. फिल्म नंतरही काढता येते. साक्ष त्याच वेळी द्यावी लागते.

प्रत्येक प्राणी नीतिसमितीत एक जागा विज्ञानाबाहेरच्या, समाजाचं भान असलेल्या माणसासाठी राखलेली असते. शिक्षक, वकील, लेखक, कुणीही तिथे बसू शकतं. तुम्हाला कधी ती खुर्ची मिळाली, तर मोठमोठ्या शब्दांना बुजू नका. एवढंच विचारा: हे करणारा हात कुणी तपासला, आणि प्राणी मेला याची खात्री तुम्ही कशी केलीत? ती खुर्ची नाही मिळाली, तर निदान घरातला चिकट पुठ्ठा तरी आजच बाहेर काढा.